उजवी वाटी

मी जयपूर जंक्शनवर आरक्षणाच्या खिडकीत बसते. सव्वीस वर्षं झाली. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कुणी मनाला लावून घेणार नाही. माणसं अर्धवट भरलेला फॉर्म आत सरकवतात, त्यात तारीख चुकलेली असते, आणि वर माझ्याकडे अशा नजरेने बघतात की त्यांच्या भाच्याचं लग्न मीच लांबवलंय. असल्या नोकरीत स्वभाव मऊ राहत नाही. माझा मुळातही नव्हता.

घरात आम्ही दोघीच. मी, गौतमी, आणि माझी आई, यमुना, वय अठ्ठ्याहत्तर. प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचं तळमजल्याचं घर आहे. पुढच्या खोलीत भिंतीला लाकडी फळी, तिच्यावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, समोर मेणबत्त्या उभ्या करायच्या दोन काळपट लोखंडी बैठका. रोज दिवेलागणीला आई मेणबत्त्या लावते. दर पौर्णिमेला बैठकांवर साचलेलं मेण नखाने खरवडून काढायचं काम माझं, अगदी लहानपणापासून. आणि दाराबाहेर ओसरीत बाबांची सायकल.

बाबा, म्हणजे दिनकर, रेल्वेत डब्यांचे फिटर होते. मूळचे बडनेऱ्याचे. सहासष्ट साली बदली होऊन इथे आले आणि एका निवृत्त होणाऱ्या गार्डाकडून त्यांनी ही सायकल जुनीच घेतली. काळी, उंच, नळ्या जाडजूड, उचलायला दोन माणसं लागावीत अशी. पुढच्या वर्षी रेल्वे कॉलनीतल्या दहा-बारा मराठी घरांनी पहिल्यांदा जयंती केली. मिरवणूक काढायची तर वाहन कुणाकडेच नव्हतं. बाबांनी कॅरिअरवर बाबासाहेबांची तसबीर बांधली, हँडलला निळा झेंडा लावला आणि सावकाश पायडल मारत पुढे निघाले. तेव्हापासून दर चौदा एप्रिलला तीच सायकल पुढे आणि बाकी सगळे मागे. बाबांचा नियम एकच होता. सायकल चालवत न्यायची. ढकलत न्यायला ती काय आजारी आहे का, असं विचारायचे.

गेल्या वर्षी जानेवारीत बाबा गेले. त्या एप्रिलला सायकल मी चालवली. आई रिक्षात बसून शेजारून येत होती आणि सारखी म्हणत होती, "हळू, हळू." मी हळूच जात होते. त्या दिवशी मला बाबा गेल्यापासून पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

यंदा फेब्रुवारीत सराव म्हणून सायकल बाहेर काढली. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेले आणि पायाखाली काहीतरी कडाडलं. पायडल सैल, चेन खाली, मी रस्त्यावर. गुडघा सोलला त्याचं काही नाही. बाबांनी अठ्ठावन्न जयंत्यांना चालवलेली सायकल माझ्या हातात दुसऱ्याच वर्षी मोडली, याची मला लाज वाटली.

किशनपोल बाजारात भगवानजींचं सायकलचं दुकान आहे. सत्तरीचे गृहस्थ, बोटं ग्रीसने कायमची काळी. त्यांनी पायडलचा क्रँक काढला आणि नळीतून लोखंडाचे तीन तुकडे तळहातावर घेतले. पायडलचा दांडा फ्रेमच्या खालच्या नळीतून जातो. नळीच्या दोन्ही तोंडांशी पोलादाची एकेक वाटी आट्यांवर फिरवून बसवलेली असते आणि तिच्यात छर्रे फिरतात. आमची उजवी वाटी फुटली होती. मला वाटलं, एवढंच ना.

"दीदी, कटोरी ही तो है," असं म्हणत भगवानजींनी खणातून एक नवी वाटी काढली. ती नळीत शिरली आणि सैल फिरत राहिली. दुसरी घेतली, तीही तशीच. पाच वाट्या झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "इसका नाप बड़ा है. पचास साल में ऐसी नहीं देखी. विलायती होगी. पहले कंपनी का पता लगाओ."

कंपनी शोधायची कशी? पुढचा बिल्ला कधीच गेलेला, त्याची दोन भोकं तेवढी शिल्लक. बाबा दर वर्षी जयंतीआधी सायकलला काळा रंग देत, त्यामुळे खाली काय दडलंय ते कुणालाच माहीत नव्हतं.

जुन्या सायकली जमवणाऱ्यांचा एक ग्रुप मोबाइलवर सापडला आणि त्यात जयपूरचाच एक मराठी मुलगा निघाला. कौशिक, पुण्याचा, इथल्या एका आयटी कंपनीत. राजा पार्कात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोन खोल्यांत चार सायकली, आणि पाहुण्याला बसायला जागा नाही. रविवारी तो घरी आला. आमची सायकल बघून तो इतका हरखला की चहा गार झाला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"ताई, फ्रेमचा नंबर मिळाला तर सगळं कळेल," तो म्हणाला. सीटच्या खाली त्याने चाकूने अलगद रंग खरवडला. एकावर एक थर निघत गेले, आणि त्याखाली पोलादात ठोकलेले आकडे. ७६८७७२. मीही वाकून ते दोनदा वाचले. दोन दिवसांनी त्याने याद्या ताडून निकाल दिला. सायकल इंग्लंडमधल्या एका कंपनीची, सदतीस सालच्या आसपासची, आणि त्या कंपनीच्या वाटीचं माप खरोखरच थोडं मोठं असायचं. सगळं चपखल जुळत होतं. इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला त्याने लिहिलं आणि वाट्यांची जोडी मागवली.

आई ओसरीत खुर्ची टाकून हे सगळं बघायची. "काय झालं वं तिले?" असं तिने दोन-तीनदा विचारलं.

"पार्ट गेलाय आई. विलायती आहे. नंबरावरून शोधावा लागतो, तुला नाही कळायचं," मी म्हणायची. मग ती काही बोलायची नाही. पण आमच्या मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब घरी आले, तेव्हा बोलली.

आप्पासाहेब नागपूरचे, सभ्य माणूस, पण सगळं आधी ठरलेलं लागतं. "गौतमीताई, मी उघडी जीप सांगून ठेवतो. सायकल झाली तर सायकल. दहा तारखेला संध्याकाळपर्यंत मला नक्की सांगा, म्हणजे फुलांच्या सजावटीचं बघता येईल."

"जीप न्या तुम्ही," आई म्हणाली. "सायकल नसंन तर मी येत नाही."

आप्पासाहेब हसले. त्यांना ती गंमत वाटली. मी आईला ओळखते. साठ वर्षांत एकही जयंती न चुकवलेली बाई घरी बसेन म्हणाली, म्हणजे बसणार. आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घरी बसलेलं माणूस पुढच्या वर्षी उठतंच असं नाही. त्या रात्री मी मनाशी ठरवलं की सायकल चालणार, मग त्यासाठी काय वाटेल ते करावं लागो.

पार्सलची वाट बघत हातावर हात धरून बसणं मला जमत नाही. कुणीतरी सांगितलं, कानोत्याला एका माणसाकडे जुन्या सायकलींचा ढीग आहे. सुट्टी टाकली आणि बस धरून गेले. ढीग होता, पण सगळ्या दूधवाल्यांच्या सायकली, बऱ्याचशा माझ्याहून तरुण. त्या माणसाने कौतुकाने एकेक उलटी करून दाखवली. त्याच्या बायकोने ताक दिलं. उन्हात तीन तास मोजपट्टी घेऊन मी नळ्या मापल्या आणि हात हलवत परत आले.

मग एका लेथवाल्याकडून वाटी नवी करून घेतली. माप बरोबर, आटे बरोबर, नळीत अशी बसली की भगवानजींनी माझ्या पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी ठेवली. तीन दिवस मी कॉलनीत फेऱ्या मारल्या. चौथ्या दिवशी पायाखाली खरखर. उघडून बघितलं, तर छर्ऱ्यांनी आतून चर पाडले होते. "लोहा नरम है," भगवानजी म्हणाले. "भट्टी में पकाकर कड़ा किया हुआ चाहिए. आजकल एक पीस के लिए कौन पकाएगा?" मी सहा लेथवाल्यांना विचारलं. सहाही जणांनी तेच सांगितलं, फक्त कमी सभ्यपणे.

सहा एप्रिलला पार्सल आलं. कौशिक ऑफिस सोडून थेट किशनपोलला पोचला. निळसर कागदात गुंडाळलेली चकचकीत जोडी. भगवानजींनी उजवी वाटी नळीला लावली. ती आत गेली आणि बाजारच्या वाटीसारखीच सैल फिरली. कौशिकचा चेहरा एवढासा झाला. त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं.

"नंबर वाचण्यात काहीतरी चुकलंय, ताई," तो म्हणाला. "मी पुन्हा बघतो."

घरी येऊन मी पर्स खाटेवर फेकली आणि मोबाइलवर तो नंबराचा फोटो मोठा करून बसले. कुठल्या सहाचा आठ होतोय का, साताचा एक होतोय का. आईने मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"काय पाहून राहिली इतकं?"

"नंबर."

"पाहू दे."

माझ्या तोंडावर आलंच होतं, तुला नाही कळायचं. पण दमले होते, म्हणून मोबाइल दिला. आईने तो हात लांब करून धरला.

"सात अडुसष्ट," ती म्हणाली. "सात बहात्तर."

"आई, तो एकच नंबर आहे. सात लाख अडुसष्ट हजार—"

"कायचा लाख? पीओएच आहे तो. तुह्या बाबानं ठोकला. अडुसष्टच्या सातव्या महिन्यात काम केलं. पुढचं बहात्तरच्या सातव्यात."

मालगाडीच्या प्रत्येक डब्यावर, प्रवासी डब्याच्या कडेला, पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं, पीओएच. मोठी दुरुस्ती कधी झाली आणि पुढची कधी करायची, त्याचा महिना आणि साल. सव्वीस वर्षं ते माझ्यासमोरून जातंय. बाबांचं सगळं आयुष्य त्या तारखा टाकण्यात गेलं. आणि मी तो आकडा घेऊन इंग्लंडपर्यंत जाऊन आले.

"पुढच्या खेपेपासून ते रंगानं लिवायचे," आई म्हणाली. "मंग त्याच्यावरच काळा मारायचे. पहिल्या खेपी हौस होती ना, म्हणून ठोकून काढला."

"तुला हे वाचता कसं येतं?"

"तेच तर पहिलं शिकले. आपलं क्वार्टर यार्डाच्या पाठी होतं. संध्याकाळी बाबा मले मागच्या दारात उभं करायचे आणि डबे दाखवायचे. हा पी, हा ओ. हा सात, हा आठ. मले 'क' येत नव्हता, पण पीओएच येत होतं. मराठी मागून शिकले."

"पण तुझी शाळा चौथीपर्यंत झाली ना?"

"चौथी तुह्या बाबानं फॉर्मात लिवली. मंग तू बी तेच लिवत आली."

खरं होतं. आईच्या प्रत्येक फॉर्मावर 'शिक्षण: चौथी' मी माझ्या हाताने लिहिलंय. दुसऱ्यांच्या फॉर्मातल्या चुका काढून मी पगार घेते.

"अडुसष्टला काय काम केलं होतं बाबांनी?" मी विचारलं. आता आवाज आपोआप खाली आला होता.

"पायडलच्या नळीतले आटे झिजले होते. चेन पडायची. मंग शहरात एक लेथवाला होता, त्याच्याकडं नळी जराशी मोठी केली, नवे आटे पाडले. त्या मापाच्या वाट्या बनवल्या. डब्याच्या स्प्रिंगचं असते तसं पोलाद बाजारातून आणलं होतं. लाल करून तेलात बुडवल्या. त्या तेलाचा वास मले अजून आठवते."

म्हणजे ते माप कुठल्याच कंपनीचं नव्हतं. जगातल्या कुठल्याही दुकानात ती वाटी मिळणार नव्हती, कारण ती बाबांनी आपल्या मनाने ठरवलेल्या मापाची होती. मला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही यायला लागला.

"मग आता संपलंच," मी म्हणाले. "उजवी वाटी फुटली आई. त्या मापाची आता कुठून आणू?"

"वाटी फुटली?" आईने माझ्याकडे वळून बघितलं. "तू तर पार्ट पार्ट म्हणून राहिली होती. वाटी म्हणायला काय झालं होतं तुले? वाट्यांच्या दोन जोड्या केल्या त्याईनं. कारखान्यात तशीच रीत, म्हणे. एक लागलेली, एक हाताशी."

"मग दुसरी जोडी कुठाय?"

आईने फळीकडे बघितलं. मीही बघितलं.

मेणबत्त्या जळत होत्या. त्यांच्या खाली त्या दोन काळपट लोखंडी बैठका, मधोमध मेणबत्ती बरोबर बसेल असं भोक, बाहेरून मेणाने माखलेल्या. "एक खोली होती आपली," आई म्हणाली. "लोखंड रिकामं काऊन पडू द्यायचं? म्या म्हटलं, मेणबत्ती तरी उभी राहीन."

आई कधी मेणबत्ती मधेच विझवू देत नाही. आम्ही दोघी त्या पूर्ण जळेपर्यंत बसून राहिलो. मग मी उजवीकडची बैठक उचलून गरम पाण्यात टाकली. मेण सुटलं. खाली आटे होते, बारीक, एकसारखे, एकही न झिजलेला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं दर पौर्णिमेला माझं नख ज्या खाचांतून फिरलं त्या ह्या. मला वाटायचं नक्षी आहे.

"आधीच का नाही सांगितलंस?" मी विचारलं. विचारताना उत्तर मला माहीत होतं.

"तू म्हणली, तुले नाही कळायचं," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिची माफी मागितली. ती 'हं' म्हणाली आणि भाकऱ्या टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानजींच्या दुकानात आईला घेऊनच गेले. त्यांनी वाटी बोटांवर फिरवली, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि तेलाचा एक थेंब सोडून नळीला लावली. पहिला आटा धरला. मग दुसरा. शेवटपर्यंत ती अशी गेली की पान्याचं काम अगदी शेवटच्या अर्ध्या फेऱ्यालाच लागलं. त्यांनी छर्रे भरले, क्रँक लावला आणि पायडलला एक धक्का दिला. ते फिरत राहिलं, आवाज न करता.

"किसने बनाई?" त्यांनी विचारलं.

"इसके बाबा ने," आई माझ्याकडे बोट करून म्हणाली. भगवानजींनी हात पुसून आईला नमस्कार केला.

मी तिथूनच आप्पासाहेबांना फोन केला आणि जीप नको म्हणून सांगितलं. दहा तारखेला तीन दिवस बाकी होते. संध्याकाळी कौशिक आला. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी ओशाळला, मग इतका हसला की आईही हसली. त्याने मागवलेली विलायती वाटी आईने फळीवर रिकाम्या जागी ठेवली आणि तिच्यात मेणबत्ती उभी केली. भोक अगदी बरोबर होतं. सायकल कुठल्या कंपनीची ते मात्र अजून कळलेलं नाही. कौशिक खरा नंबर शोधतोय. शोधू दे.

चौदा तारखेला पहाटे मी पांढरी साडी नेसले, हँडलला निळा झेंडा बांधला, कॅरिअरवर तसबीर बांधली. सायकल ओसरीवरून खाली उतरवणार, एवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात बाबांची हत्यारांची पेटी होती.

"तारीख टाकल्याबिगर डबा यार्डातून निघत नाही," ती म्हणाली.

"आई, उशीर होतोय. संध्याकाळी टाकू की."

"आत्ता."

पेटीत आकडे ठोकायचे पंच होते, दहा, फडक्यात गुंडाळलेले. सीटखाली, बाबांच्या तारखेच्या शेजारी, आईने पंच धरला आणि मी हातोडी मारली. चार. दोन. सहा. सहा जरा कलला. मी पंच फडक्यात ठेवायला लागले.

"पुढची?" आई म्हणाली.

मी थांबले. पुढची म्हणजे चार वर्षांनी. तेव्हा आई ब्याऐंशीची असेल. तिच्या मनातही तोच हिशेब चालला असणार, कारण तिने माझ्याकडे बघितलं नाही, पेटीतून चारचा पंच शोधून काढला आणि जागेवर धरला.

"मार," ती म्हणाली. "तीस साल टाक. मी पाहीन तवा."

मी मारलं. चार. तीन. शून्य. आईने अंगठ्याने त्या आकड्यांवरून हात फिरवला, डावीकडून उजवीकडे, एकेक वाचत. मग ती बाजूला झाली.

"आता काढ बाहेर," ती म्हणाली. "आणि हळू चालव."